एका शब्दाच्या चिठ्ठ्या

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी माझे यजमान चितेगावला कामावर गेले. फाट्यावर बसमधून उतरले, कंपनीच्या गेटपर्यंत चालले, वॉचमनकडे पाणी मागितलं आणि पाणी येण्याआधी वारले. मला फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात होते.

त्याला आता दीड वर्ष होत आलं. त्यांच्याविषयी लिहायला बसले की मी नेहमी दुसऱ्याच कशाविषयी तरी लिहू लागते. या वेळी तसं करायचं नाही असं ठरवलं होतं, पण सुरुवात एका इंग्रजी शब्दापासूनच करावी लागते आहे, कारण आमच्या संसारातली शेवटची तीन वर्षं त्या शब्दाच्या नादात गेली.

हे एका खोक्यांच्या कारखान्यात डाय सेटर होते. औषधाच्या बाटल्या आणि गोळ्यांची पाकिटं ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत येतात, ती खोकी तिथे होत. फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातला दहावी झालेला मुलगा विसाव्या वर्षी त्या कारखान्यात लागला आणि छप्पन्नाव्या वर्षापर्यंत तिथेच राहिला. मी कॉलेजच्या ग्रंथालयात. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या माहेरी थोडी कुजबुज झाली होती, मुलगी एवढी शिकलेली आणि मुलगा मशीनवर. मीही बरीच वर्षं त्यांच्या कामाकडे नीट पाहिलं नाही. सकाळी डबा भरून द्यायचा, संध्याकाळी शर्टावरची पुठ्ठ्याची भुकटी झटकायची, एवढाच माझा त्या कामाशी संबंध.

एकदा त्यांच्या कंपनीच्या ओळखपत्राचं नूतनीकरण होतं. ते टेबलावर पडलं होतं आणि त्यावर ‘सेटर’ हा शब्द होता. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि आपला नवरा जो कोणी आहे त्या शब्दाचा अर्थ आपण कधी शोधलेला नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातला जाडजूड इंग्रजी कोश काढला. तो बहुखंडी कोश सहसा कोणी उघडत नाही, त्यामुळे पानं एकमेकांना चिकटलेली होती. ‘सेट’ सापडला. पहिला अर्थ वाचला, दुसरा वाचला, पान उलटलं. शब्द चालूच होता. आणखी एक पान. आणखी एक. मी बोटाने ओळी मोजायचं सोडून दिलं आणि नुसती पानं उलटत गेले. रकान्यांमागून रकाने बारीक अक्षरात तोच तीन अक्षरांचा शब्द. सूर्याचं मावळणं त्यात, दह्याचं लागणं त्यात, मोडलेलं हाड बसवणं त्यात, अंगठीत खडा जडवणं त्यात. सापळा, गजर, दात, नाटकातलं घर, गणितातला संच, भाव ठरवणं, पेपर काढणं. दुपारची शांत वेळ होती. एका भाषेने इतकं सगळं एवढ्याशा शब्दाच्या अंगावर टाकलं आणि तो मोडला नाही, हे पाहून माझ्या अंगावर काटा आला. देवळात क्वचित वाटतं तसं वाटलं.

संध्याकाळी चहा घेताना ह्यांना सांगितलं.

“तीन अक्षरांवर एवढी पानं?” हे म्हणाले. “लिहिणाऱ्याला दुसरं काम नव्हतं व्हय?”

“अहो, तुमचाच शब्द आहे. तुम्ही रोज वापरता.”

“आम्ही वापरतो तो एकच. मशीन सेट झाली का, नाय झाली. बाकीचं साहेबाला विचार.”

पण त्यांना ते लागून राहिलं. दोन दिवसांनी आम्ही गुलमंडीत भाचीच्या लग्नासाठी कापड घ्यायला गेलो. दुकानदाराने गादीवर बसायला सांगून विचारलं, “ताई, साडी नुसती दाखवू का सेट दाखवू?” हे माझ्याकडे बघून हसले. बाहेर पडल्यावर बोटं मोजायला लागले. साडीचा सेट. शेजारच्यांनी टीव्हीचा सेट घेतला. मेव्हण्याचा मुलगा दुबईत सेट झाला. गवंड्याचा स्लॅब सेट झाला. “एका रस्त्यावर चार झाले की,” ते म्हणाले. “तुझ्या त्या पुस्तकात हे चारी हायेत का बघ.”

मेव्हण्याच्या मुलाचा ‘सेट’ कोशात नव्हता. तो आपल्याकडचा होता. हे कळल्यावर त्यांना जो आनंद झाला तो मला आजही आठवतो.

असं ते सुरू झालं. त्याच सुमारास आमच्या ग्रंथालयात पुस्तकांवर बारकोड लागले. त्याआधी प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर परतीच्या तारखांची एक चिठ्ठी चिकटवलेली असे. बोटभर रुंद, तळहाताएवढी लांब, पातळ पिवळसर कागदाची. त्या कोऱ्या चिठ्ठ्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे शिल्लक राहिले. प्राचार्यांना विचारून मी एक मोठा गठ्ठा लिहायला म्हणून घरी आणला. चिठ्ठीच्या वरच्या बाजूला मी कोशातला एक अर्थ मराठीत लिहायचा, कोपऱ्यात क्रमांक टाकायचा, आणि खाली ह्यांनी आपलं एक वाक्य पेन्सिलने लिहायचं, असा रिवाज पडला. रोज नव्हे. आठवड्याला एखादी, कधी दोन. चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात.

ह्यांची वाक्यं मला कोशापेक्षा जास्त शिकवून गेली. सूर्य मावळण्याच्या चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं, “दिवस बुडाला तरी आबांनी वखर सोडला नाही.” हाड बसवण्याच्या चिठ्ठीवर, “आईचं मनगट वैदूनं एका झटक्यात बसवलं, आई ओरडायची राहून गेली.” करवतीचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे वाकवतात त्यालाही सेट म्हणतात, हे मी कोशात वाचून मोठ्या कौतुकाने सांगितलं, तर हे म्हणाले, “ते काय सांगतीस मला? नाय वाकवले तर करवत लाकडात अडकती.” इंग्रजीत लावणीच्या छोट्या कांद्याला, बेण्याला सेट म्हणतात हे वाचून दाखवलं तेव्हा मात्र ते चहाचा कप हातात धरून थांबले. त्यांच्या भावाच्या शेतात अद्रक असते. अद्रकीचं बेणं ते लहानपणापासून लावत आलेले. “त्या लोकांनी बेण्याला पण तोच शब्द ठेवला?” ते म्हणाले. “म्हणजे ठेवणारा शेतकरी असणार.”

एकदा मी तक्रार केली की या शब्दाला मराठीत एक प्रतिशब्दच सापडत नाही, दर अर्थाला नवं क्रियापद शोधावं लागतं. हे दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, “लावणे.”

“काय?”

“डाय सेट करतो म्हणजे डाय लावतो. गजर लावतो. सापळा लावतो. आग लावतो. बेणं लावतो. गाण्याला चाल लावतात ना? सगळं लावणेच हाय.”

मी कोश आठवून एकेक अर्थ तपासत गेले. तो माणूस खरं सांगत होता. आमच्या घरात दिवा लावतात, दार लावतात, गंध लावतात, लग्न लावतात, लळा लावतात, आणि मी भाषेची पदवी घेऊन, शब्दांच्या कपाटांमध्ये आयुष्य काढून, हा एवढा मोठा शब्द माझ्या तोंडात आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी त्यांना तसं म्हटलं. त्यांनी गालावरचा फेस पुसला.

“दिवस मात्र लावता येत नाय,” ते म्हणाले. “तो आपला आपण बुडतो.”

कोऱ्या चिठ्ठ्यांचं पुढे काय झालं ते सांगायला हवं, कारण चूक तिथे झाली आणि ती माझी होती.

गठ्ठा घरी आणला त्याच दिवशी ह्यांनी एक चिठ्ठी चिमटीत धरून चोळली होती. कागदाची जाडी ते बोटांनी सांगत. “हा कागद लई एकसारखा हाय,” ते म्हणाले. “मला दे थोडा.” मी विचारलं कशाला, तर त्यांनी पहिल्यांदा मला त्यांचं काम समजावून सांगितलं. प्लायवूडच्या फळीत पोलादाची पाती खोक्याच्या आकारात बसवलेली असतात, ती डाय. काही पाती पुठ्ठा कापतात, काही फक्त घडीची रेघ दाबतात. पण जुन्या मशीनवर सगळीकडे दाब सारखा बसत नाही. एका कोपऱ्यात पुठ्ठा कापला जातो, दुसऱ्या कोपऱ्यात नुसता ओरखडा उठतो. मग जिथे दाब कमी पडतो, बरोबर त्या जागी मागच्या कागदावर पातळ कागदाची चिठ्ठी चिकटवायची. पुन्हा एक पुठ्ठा काढून बघायचा. पुन्हा चिठ्ठी. कुठे एक, कुठे एकावर एक दोन. एक डाय लागायला पूर्ण दिवस जातो. लागली की तो चिठ्ठ्यांचा मोठा कागद त्या डायचा होऊन जातो. काम संपलं की गुंडाळून डायबरोबर ठेवायचा, पुढच्या महिन्यात तीच ऑर्डर आली की पुन्हा पसरायचा. “चिठ्ठीचा कागद बदलला की सगळं पुन्हा,” ते म्हणाले. “म्हणून एकसारखा कागद लागतो.”

मी मूठभर चिठ्ठ्या आमच्या शब्दासाठी ठेवून बाकीचा गठ्ठा त्यांना दिला. वर्षभर तो पुरला. मग एके दिवशी कॉलेजात तपासणीची समिती येणार म्हणून उरलेल्या चिठ्ठ्यांसकट भांडारघर रिकामं करायचा हुकूम आला. मी घरी ते बोलले. हे म्हणाले, “दोन गठ्ठे बाजूला काढता आले तर बघ.”

“आता त्यांची नोंद झाली आहे,” मी म्हणाले. “कॉलेजची वस्तू. असं नाही आणता येत.”

“बरं,” ते म्हणाले.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. सगळे गठ्ठे रद्दीवाल्याच्या टेम्पोत गेले. मी स्वतः उभी राहून भरून दिले, यादीवर खुणा केल्या. रद्दीवाल्याकडून तेच गठ्ठे विकत घेता आले असते, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. नियम पाळल्याचं समाधान मात्र झालं होतं.

त्यानंतर हे डब्यातली लिहिलेली चिठ्ठी अधूनमधून खिशात घालून नेऊ लागले. बसमध्ये पाठ करतो म्हणत. मला ते आवडलं. मी कधी परत मागितली नाही. कंपनीतल्या कपाटात जमवून ठेवत असतील असं मी धरून चालले.

ते गेल्यावर कंपनीने कपाटातलं सामान एका पिशवीत घालून पाठवलं. डबा, टॉवेल, कात्री, गोंदाची बाटली, वाचायचा चष्मा. चिठ्ठी एकही नाही. मी बिस्किटाचा डबा उघडून मोजल्या. आमचा क्रमांक एकशे चाळीसपर्यंत गेला होता. डब्यात सत्तावीस होत्या.

ह्यांनी आयुष्यात पत्रं लिहिली नाहीत. डायरी नाही. सह्या सोडल्या तर त्यांचं हस्ताक्षर दुसरीकडे कुठेही नाही. पेन्सिलने दाबून लिहिलेली, शेवटच्या अक्षराला थोडी वर चढलेली ती एकशे तेरा वाक्यं मला परत हवी होती. दुसरं काही नको होतं. मुलगी पुण्याहून म्हणाली, “आई, फोन करून विचार ना कंपनीत.” मला फोनवर ते सांगता येईना. काय म्हणणार, एका शब्दाच्या चिठ्ठ्या हरवल्यात?

वर्षश्राद्ध झाल्यावर मी चितेगावला गेले. पैठण रस्त्याने ते रोज जात तीच बस. गेटवर नाव सांगितलं. वॉचमनने उठून खुर्ची दिली. कोणता वॉचमन, हे मी विचारलं नाही.

आत जे गृहस्थ भेटले ते मशीन चालवणारे, जुन्या शहरातले, साठीच्या पुढचे. सगळे त्यांना चाचा म्हणत, हेही म्हणत. त्यांनी पंचवीस वर्षं ह्यांच्याबरोबर एका मशीनवर काढलेली. मी घुटमळत चिठ्ठ्यांविषयी विचारलं.

“पीली चिठ्ठियाँ? हौ भाभी,” चाचा म्हणाले. “इधरीच हैं. मशीन में.”

मला कळलं नाही. त्यांनी हाक मारून नव्या सेटरला बोलावलं. तिशीचा, बिडकीनकडचा माणूस, ह्यांच्या हाताखाली दोन वर्षं शिकलेला. त्याने रॅकवरून एक गुंडाळी काढून टेबलावर पसरली. मोठा तपकिरी कागद, त्यावर खोक्याच्या आकाराच्या दाबलेल्या रेषा, आणि त्या रेषांच्या कडेकडेने आमच्या चिठ्ठ्या. काही अखंड, काही कात्रीने कापून निमुळत्या केलेल्या. माझं अक्षर. त्यांचं अक्षर. कोपऱ्यातले क्रमांक. काहींची लिहिलेली बाजू वर, काहींची खाली.

“कोरा कागद संपला तवापासून,” नवा सेटर म्हणाला. “दुसरा कागद बघितला आम्ही, जाडी जुळंना. मग त्यांनी ह्या काढल्या.”

दोन गठ्ठे. मी यादीवर खूण केली होती.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. “उनो यूँच नै चिपकाते थे, भाभी. पैले मेरेकू पढ़के सुनाते थे. मैं बोलता, लिखेला कागज कायकू बिगाड़ रै? तो बोलते, पाठ हो गया चाचा, अब इसकू काम पे लगाते.”

“तुम्हाला काही आठवतं त्यातलं?” मी विचारलं.

“एक आठवतं,” चाचा मराठीत म्हणाले आणि हसू दाबायला लागले. “दाताची. मी नवी कवळी बसवली होती तवा. त्यांनी लिवलं, चाचांच्या दातांचा सेट नवा हाय म्हणून ते हसत नाहीत, खर्च झाकून ठेवतात.” आणि ते मोठ्याने हसले. वरची कवळी थोडी हलली, त्यांनी ती अंगठ्याने मागे दाबली. नवा सेटरही हसला. मीही हसले. त्या कारखान्यात मी हसेन असं मला वाटलं नव्हतं.

नव्या सेटरने फडकं ओलं केलं होतं. “काकू, तुमच्या हायेत त्या. ओलं फडकं ठेवलं की सुटतात. पेन्सिलचं अक्षर जायचं नाय. सांगा, काढून देतो.”

“आणि मग?”

त्याने फडकं हातात धरून कागदाकडे पाहिलं. “मग मला पयल्यापासून लावावी लागंल. ही ऑर्डर दर महिन्याला असती. त्यांना एक दिवस लागायचा, मला चार लागतील. तरी अशी व्हायची नाय.” त्याने तळहात कागदावर फिरवला. “मी अजून शिकतोय ह्याच्यावरनं. त्यांनी कुठं किती दिलं ते बघून.”

अशा किती गुंडाळ्या आहेत ते मी विचारलं. पाच. एक सहावी होती, ती ऑर्डर बंद झाल्यावर डायबरोबर भंगारात गेली. तेही कुणाच्या तरी यादीवर खूण होऊनच गेलं असणार.

“चालवून दाखवता येईल का?” मी म्हणाले.

त्या दिवशी नशिबाने तीच डाय मशीनवर चढणार होती. त्यांनी कागद पसरून जागेवर घट्ट बसवला, वर पातळ पत्रा टाकला. चिठ्ठ्या दिसेनाशा झाल्या. चाचांनी मशीन चालू केलं. छापलेला पुठ्ठा आत जायचा, एक दणका, बाहेर यायचा. आवाज छातीत बसत होता. दहाबारा पुठ्ठे निघाल्यावर नव्या सेटरने एक उचलला आणि कडेचा फालतू भाग बोटांनी नुसता टोचला. तो गळून पडला, कुठेही धागा अडकला नाही. मग त्याने ते सपाट खोकं माझ्या हातात दिलं. “दुमडा.”

मी दुमडलं. रेघेवर हात लावला आणि पुठ्ठा आपोआप वळला. कोपरे जुळले, झाकणाची जीभ खाचेत गेली. कुठे तडा नाही, कुठे ओढाताण नाही. औषधाचं रिकामं खोकं. अशी हजारो खोकी मी आयुष्यात फाडून टाकली आहेत. ती कशी उभी राहतात याचा विचार केला नव्हता. कागदाच्या जाडीएवढा फरक, तोही केसाहून कमी, आणि तो फरक कुठे आहे हे शोधायला एक माणूस दिवसभर वाकून उभा राहतो. मी कोशापुढे अवाक् झाले होते ते ठीकच होतं, पण ज्याच्या ओळखपत्रावर तो शब्द होता त्याच्यापुढे व्हायला मला चितेगावला यावं लागलं.

मशीन थांबल्यावर मी फडकं बाजूला ठेवायला सांगितलं. चिठ्ठ्या तिथेच राहू देत म्हणाले. नव्या सेटरने फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि त्याच्या खांद्यातला ताण गेलेला दिसला. मग त्याने बाकीच्या चार गुंडाळ्या एकेक करून माझ्यासमोर पसरल्या आणि मी चष्मा लावून वाचत बसले. ज्या वाचता येत होत्या त्या वहीत उतरवून घेतल्या. त्याने फोनवर फोटो काढून माझ्या मुलीला पाठवले. खाली तोंड करून चिकटवलेल्या वाचता आल्या नाहीत. त्या कागदावरून सोडवल्याशिवाय वाचता येणार नाहीत.

चौथी गुंडाळी उघडताना एक चिठ्ठी सुटून माझ्या मांडीवर पडली. गोंद वाळला होता. क्रमांक अठ्ठ्याऐंशी. वर माझ्या अक्षरात, “एखाद्याला एखाद्या कामाला लावणे.” खाली पेन्सिलने, “तिनं मला लिहायला लावलं.”

ही चिठ्ठी लिहिली तेव्हा मी वाचली असणारच, क्रमांक माझ्याच हातचा आहे. मला ती अजिबात आठवत नव्हती. बहुधा वाचली आणि “बरोबर आहे” म्हणून डब्यात टाकली.

“ती ठेवा काकू,” नवा सेटर म्हणाला. “एकीनं काय व्हत नाय. तिथं दुसरं काहीतरी लावू.”

कागदावर तिची जागा पेन्सिलने आखलेली होती, दोन बारीक उभ्या रेघा. त्यांनीच आखलेल्या. मी गोंद मागितला. चाचांनी बाटली पुढे केली. मी चिठ्ठी त्या दोन रेघांमध्ये ठेवली, लिहिलेली बाजू वर, आणि हवा राहू नये म्हणून अंगठ्याने मधून कडेकडे दाबत गेले. नव्या सेटरने वाकून पाहिलं.

“जराशी वर,” तो म्हणाला. “हां. आता बसली.”

त्यानंतर मी दोनदा जाऊन आले. कोशातली ती नोंद आम्ही अर्धीही संपवली नव्हती. पुढचे अर्थ मी वाचले, पण चिठ्ठ्या केल्या नाहीत. वरचा भाग लिहून खालचा रिकामा ठेवायचा, हे मला जमलं नाही.

सत्तावीस चिठ्ठ्या माझ्याजवळ आहेत. एकेचाळीस मी वहीत उतरवल्या. एकोणीस भंगारात गेल्या. त्रेपन्न कागदाकडे तोंड करून चिकटलेल्या आहेत आणि त्यांवर काय लिहिलं आहे ते मला माहीत नाही. दर महिन्याला त्या डायखाली जातात.